शाश्वत विकास: टिकवायचं काय, कोणासाठी, आणि कोणाच्या जिवावर?

कोरा कागद

भाषांतर हा माझा पोटापाण्याचा उद्योग. गेल्या महिन्यात एका कंपनीचा वार्षिक अहवाल मराठीत करायला आला. ६० पानं, गुळगुळीत कागद, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक हिरवं पान. 'सस्टेनेबल' हा शब्द पहिल्या २० पानांतच ४७ वेळा. सस्टेनेबल पॅकेजिंग, सस्टेनेबल वाढ, सस्टेनेबल नेतृत्व, एके ठिकाणी तर सस्टेनेबल नफा.

मी मुकाट 'शाश्वत' ठोकत गेले. एकविसाव्या पानावर 'शाश्वत खाणकाम' असं टाइप झालं आणि बोटं थांबली. खनिज काढून नेलं की खड्डा उरतो. तो शाश्वत असतो हे मान्य, पण कंपनीला तसं म्हणायचं नसावं.

मग शाश्वत विकासाची १९८७ची ती प्रसिद्ध व्याख्या काढून बसले. पुढच्या पिढ्यांच्या आपल्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला धक्का न लावता आजच्या गरजा भागवणारा विकास. पहिल्या वाचनात पटली. दुसऱ्या वाचनात एकेक शब्द हातातून निसटायला लागला. गरज कशाला म्हणायचं आणि ठरवणार कोण? पुढची पिढी म्हणजे नातवंडं, की त्यांचीही नातवंडं? आणि आजच्याच दोघांपैकी एकाची गरज भागवताना दुसऱ्याची मारली गेली तर?

तर प्रश्न असा: जंगल, रोजगार, वीज, पाणी, अन्न हे एकमेकांच्या आड येतात तेव्हा त्यातली 'शाश्वत' बाजू कोणती हे ठरतं कसं? की जो तो आपल्या सोयीच्या गोष्टीला हा टिळा लावून मोकळा होतो? काम द्यायला दहा दिवस आहेत. सावकाश भांडा.

वाटसरू

रुमाल टाकून ठेवतो.

अर्धविराम

आधी शब्दाचंच बघू. 'शाश्वत' हा माझ्या मते फसलेला प्रतिशब्द आहे. शाश्वत म्हणजे ज्याला अंत नाही ते. सत्य शाश्वत, आत्मा शाश्वत. विकासाला लावला की 'कधीच न थांबणारा विकास' असा अर्थ निघतो, आणि मूळ कल्पना तर कुठेतरी मर्यादा आहे अशी आहे! हिंदीत 'सतत विकास' म्हणतात, तो अजूनच कहर. त्यांचाच दुसरा शब्द 'टिकाऊ' बरा. फ्रेंचांनीही सरळ टिकाऊ अशाच अर्थाचा शब्द उचललाय.

मराठीत 'धारणक्षम विकास' हा शब्द अधूनमधून दिसतो. बोजड आहे, कबूल. पण त्यात पेलणं आलं. पेलणं आलं की भार टाकणारा कोण आणि वाहणारा कोण हे विचारावंच लागतं. 'शाश्वत' म्हटलं की दोघंही गायब.

निमित्तमात्र

'धारणक्षम' म्हटलं की मला पिशवी आठवते. पाच किलो धारणक्षम.

अर्धविराम

हसा हसा. पण पिशवीच्या बंदावर किती लिहिलंय ते निदान वाचता येतं.

तळटीप

कोरा कागद, तुमची बोटं जिथे थांबली तिथेच या शब्दाचा जन्म झालाय, खाणीच्या तोंडाशी.

१७१३ साली सॅक्सनीत हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ नावाचा खाण-अधिकारी होता. तिथल्या चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड आणि लाकडी कोळसा अखंड लागायचा. आजूबाजूची जंगलं साफ होत चालली होती आणि लाकूड संपलं की भट्टी विझणार हे उघड दिसत होतं. त्याने वनलागवडीवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात, जंगलातून तेवढंच तोडा जेवढं परत वाढेल, या अर्थाने 'सस्टेनेबल'चा पूर्वज ठरलेला जर्मन शब्द वापरला. आता गंमत बघा. त्याला जंगलाचा कळवळा असेल नसेल, चिंता चांदीची होती. जंगल टिकवायचं ते खाण टिकावी म्हणून. म्हणजे 'टिकवायचं काय' हा घोळ पहिल्या दिवसापासूनचा आहे.

दुसरं, तुम्ही दिलेली व्याख्या अर्धीच आहे. १९८७चा अहवाल नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा. त्या प्रसिद्ध वाक्याला लागूनच दोन गोष्टी येतात आणि जगभरची पाठ्यपुस्तकं नेमक्या त्याच गाळतात. एक, 'गरजा' म्हणजे मुख्यतः जगातल्या गरिबांच्या मूलभूत गरजा, आणि त्यांना सर्वांच्या वर प्राधान्य. दोन, मर्यादा. त्यातही आयोगाने मर्यादा निसर्गाच्या एकट्याच्या माथी मारलेली नाही. आपलं तंत्रज्ञान आणि समाजाची घडी जशी असेल तशी पर्यावरणाची क्षमता मर्यादित होते, असं म्हटलंय.

म्हणजे मूळ व्याख्येत प्राधान्यक्रम होता. गरीब आधी. तो गळला आणि उरलं ते कोणालाही दुखावणार नाही असं गोंडस वाक्य. ते वार्षिक अहवालात शोभतं.

त्याआधी १९७२ला स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधींनी विचारलं होतं, की गरिबी आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का? यजमान स्वीडनचे पंतप्रधान पाल्मे सोडले तर तिथे गेलेल्या त्या एकमेव सरकारप्रमुख. श्रीमंत देश धूर आणि घाण पाण्याबद्दल बोलत होते, आणि उरलेले म्हणत होते की आमच्याकडे धूर निघायला कारखाने तरी येऊ द्या. १९८७ची व्याख्या ही या दोन बाजूंमधली तडजोड आहे. तडजोडीची भाषा गुळमुळीत असायचीच.

खडू

मी नववीला हे शिकवतो. फळ्यावर तीन वर्तुळं काढायची, पर्यावरण, समाज, अर्थव्यवस्था. तिन्ही एकमेकांत थोडी थोडी घुसलेली. मधे जी चिंचोळी जागा उरते तिथे 'शाश्वत विकास' लिहायचं. अक्षरं मावत नाहीत म्हणून बाहेर लिहून बाण काढायचा. वर्षानुवर्षं असंच चाललंय.

गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, मधल्या जागेत एक खरी गोष्ट लिहून दाखवा ना." मी लिहिलं, पवनचक्की. तर मागच्या बाकावरून आलं, पक्षी मरतात. कोणी म्हणालं, त्यातल्या चुंबकांना लागणारी धातू खाणीतूनच येते. ज्याची जमीन गेली त्याचं काय, हे तिसरीने. पवनचक्की पुसत पुसत समाजाच्या वर्तुळाबाहेर गेली. तास संपेपर्यंत मधली जागा मोकळीच.

मग त्याच मुलीने ओल्या फडक्याने तिन्ही वर्तुळं पुसली आणि एकात एक काढली. सगळ्यांत मोठं पर्यावरणाचं, त्याच्या पोटात समाज, त्याच्या पोटात अर्थव्यवस्था. तिला ठाऊक नसावं, पण तज्ज्ञांमध्येही या दोन चित्रांवरून जुनं भांडण आहे. पहिल्या चित्रात तिघांचं वजन सारखं, म्हणून देवाणघेवाण चालते. शाश्वत विकासावरच्या २००२च्या जोहान्सबर्ग परिषदेने 'तीन स्तंभ' म्हटले ते याच वळणाचं. दुसऱ्या चित्रात देवाणघेवाण नाही. बाहेरचं वर्तुळ फाटलं की आतलं सांडलंच.

परीक्षेत मात्र तीन स्तंभच लिहायचे असतात, हे तिला सांगताना मला कसंतरीच झालं.

हिशेबनीस

एकात एक वर्तुळांचं चित्र देखणं आहे, पण त्याने निर्णय होत नाहीत. अर्थशास्त्राकडे या प्रश्नाचं बरंच रोखठोक उत्तर आहे, ते मांडतो. शिव्या नंतर द्या.

अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांचं म्हणणं असं, की पुढच्या पिढीला अमुक झाड, तमुक खनिज जसंच्या तसं देणं शक्यही नाही आणि गरजेचंही नाही. द्यायची ती क्षमता, आपल्याइतकं बरं जगता येईल एवढी. मग ती जंगलाच्या रूपात असो, कारखान्याच्या, शाळांच्या किंवा ज्ञानाच्या. तेल उपसा, हरकत नाही, पण त्यातून आलेला पैसा खाऊन टाकू नका, दुसऱ्या भांडवलात घाला. हा शेवटचा भाग जॉन हार्टविक यांचा, १९७७चा नियम.

दोन देश समोर ठेवा. नाउरू, प्रशांत महासागरातलं २१ चौरस किलोमीटरचं बेट. फॉस्फेटचे साठे. १९६८ला स्वतंत्र झालं, काही वर्षं दरडोई उत्पन्नात जगात अगदी वरच्या रांगेत होतं. पैसा ट्रस्टमध्ये गेला, तिथून वाट्टेल त्या गुंतवणुकीत, आणि फॉस्फेटबरोबर तोही संपला. बेटाच्या मधल्या भागात आता चुनखडकाचे सुळके उभे आहेत, शेती नाही, घर बांधायची सोय नाही. २००१नंतर दुसऱ्या देशाला नको असलेले आश्रयार्थी सांभाळणं हे उत्पन्नाचं साधन झालं.

दुसरा नॉर्वे. १९९०ला तेलाच्या पैशासाठी कायद्याने निधी केला, पहिली रक्कम १९९६ला पडली. २००१पासून शिस्त अशी, की सरकारने निधीच्या अपेक्षित परताव्याएवढंच, म्हणजे वर्षाला सरासरी ४ टक्के वापरायचं. पुढे ते ३वर आणलं. आज जगातल्या शेअर बाजारांत नोंदलेल्या कंपन्यांचा सुमारे दीड टक्का हिस्सा या एका निधीकडे आहे. तेल संपेल, निधी राहील.

दोघांनीही जमिनीतलं न उगवणारं काहीतरी काढून विकलं. एक धुळीला मिळाला, एक टिकला. तेव्हा कोरा कागद, 'शाश्वत खाणकाम' हा शब्द अगदीच निरर्थक नाही. खड्ड्याच्या बदल्यात काय उभं राहिलं ते विचारा.

वाटसरू

नॉर्वेने तेल विकलं, ते जळलं कुठे? सगळ्यांच्या डोक्यावर. निधी नॉर्वेच्या नातवंडांचा आणि कार्बन सगळ्यांच्या नातवंडांचा, असा हा हिशेब. आणि व्याख्या लिहिणारा आयोग याच देशाच्या पंतप्रधानांचा, हे जाता जाता.

हिशेबनीस

मुद्दा मान्य. नियम देशापुरता लावला की हद्दीबाहेरचं नुकसान वहीत येत नाही. हा नियमाचा दोष की वहीचा, यावर वाद घालता येईल.

दर्यावर्दी

वही नीट ठेवली तरी काही गोष्टींची अदलाबदल होत नाही. मी जहाजावर होतो तेव्हा कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावर काही दिवस थांबणं झालं. तिथल्या कॉड माशाची गोष्ट या चर्चेत हवीच.

जवळजवळ ५०० वर्षं तिथे कॉड पकडला गेला. १९५०नंतर कारखान्याएवढे ट्रॉलर (जाळं ओढणारी जहाजं) आले आणि १९६८ साली एका वर्षात सुमारे ८ लाख टन उपसला. पुढे घट दिसायला लागली. पण शास्त्रज्ञ अंदाज बांधत होते तो बराचसा व्यापारी बोटींच्या जाळ्यात काय येतं त्यावरून, आणि जाळी तर भरत होती! कारण संख्या कमी होत जाते तसा उरलेला कॉड एकाच जागी दाटी करतो आणि आवाजाच्या लहरींनी मासे हुडकणाऱ्या 'सोनार' यंत्राला ती दाटी सापडते. शेवटचे मासेसुद्धा भरघोस वाटतात. वर प्रत्येक वेळी कोटा कमी करायचं म्हटलं की प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांतल्या नोकऱ्यांचा प्रश्न उभा राहायचा, तो काही खोटा नव्हता. अर्धं ऐकायचे, अर्धं सोडायचे.

२ जुलै १९९२ला बंदी आली. ३० हजारांच्या आसपास लोकांचं काम एका फटक्यात गेलं. बंदी दोन वर्षांसाठी होती. ती उठली २०२४ला, आणि परवानगी मिळाली १८ हजार टनांची.

हर्मन डेली हे अर्थतज्ज्ञ यावर म्हणायचे, की पूर्वी बोटी कमी होत्या म्हणून मासळी कमी मिळायची, आता मासे कमी आहेत म्हणून कमी मिळते. मासे संपल्यावर बोटी दुप्पट करून काय धरणार? हिशेबनीस, तुमचं दुसरं भांडवल पहिल्याच्या जागी बसत नाही. ते पहिल्यावर चालतं.

धक्क्यावर एक म्हातारा भेटला होता, जाळं दुरुस्त करत बसलेला. कॉडसाठी नाही, सवय म्हणून.

हिशेबनीस

दर्यावर्दी, सुंदर लिहिलंत. पण गोष्टीचा पुढचा भागही सांगा. कॉड गेल्यावर तिथे खेकडा आणि कोळंबी वाढली आणि काही वर्षांतच एकूण मासळीची किंमत कॉडच्या काळापेक्षा वर गेली. आकड्यांत ते बेट बुडालं नाही.

दर्यावर्दी

बरोबर. पण खेकड्याचे परवाने ज्यांना मिळाले ते वेगळे आणि कॉड कापणाऱ्या बाया वेगळ्या. आकड्यांत बेरीज होते, गावं ओस पडतात. तो म्हातारा कुठल्या रकान्यात?

भूजल

मी पाण्यातला, म्हणजे जमिनीखालच्या पाण्यातला माणूस. माझं काम विहिरी-बोअरमधली पातळी मोजायचं. एक फीत असते, टोकाला संवेदक, पाण्याला लागली की वर बारीक शिट्टी वाजते. काही बोअरमध्ये मी १०-१२ वर्षं तीच फीत सोडतोय. पूर्वी शिट्टी वाजायची तिथे आता फीत मुकी जाते. अजून सोडायची, अजून सोडायची, शेवटी कुठेतरी वाजते. ते थांबलेले दोन क्षण फार लांब वाटतात.

आता प्राधान्यांच्या टकरीचं माझ्या कामातलं उदाहरण. सौरपंप. यापेक्षा हिरवी वस्तू सापडणार नाही. डिझेल नाही, धूर नाही, विजेची वाट बघत रात्री शेतात जायला नको. बाईमाणसाला, म्हाताऱ्याला चालवता येतो. पण डिझेलचा पंप चालवताना प्रत्येक तासाला खिशाला चटका बसत होता, म्हणून माणूस बंद करत होता. उन्हाचा पंप एकदा बसला की पुढचं पाणी फुकट. सूर्य आहे तोवर चालू. कार्बनचा हिशेब सुधारतो आणि माझी फीत खाली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांच्या यादीत स्वच्छ ऊर्जा हे सातवं उद्दिष्ट आणि पाणी हे सहावं. शेजारी शेजारी छापलेत.

उपाय नाहीत असं नाही. जादा वीज विकता आली तर शेतकरी पंप बंद ठेवतो, कारण आता पाण्याइतकीच विजेलाही किंमत येते. काही ठिकाणी ते जमलंय. पण त्यासाठी तार, मीटर आणि वेळेवर पैसे देणारी यंत्रणा लागते. पंप वाटून फोटो काढणं त्यामानाने सोपं.

आणि सगळं पाणी परत भरणारं नसतं. सौदी अरेबियाने हजारो वर्षांपूर्वी साठलेलं वाळवंटाखालचं पाणी उपसून गहू पिकवला, १९९०च्या सुमारास निर्यातही केली. मग २००८ला ठरवून हात आखडता घेतला आणि २०१६पर्यंत सरकारी गहू-खरेदी बंद केली. अन्नाच्या स्वावलंबनासाठी पाण्याचं स्वावलंबन घालवलं. त्यांच्याकडे तेलाचा पैसा होता, म्हणून बाहेरून गहू घेता आला. ज्यांच्याकडे नाही ते काय करतील, हे माझ्या फितीला सांगता येत नाही.

शेवंती

इतका वेळ वाचत होते. आता राहवत नाही.

जंगल, मासे, पाणी, नातवंडं. सगळं बरोबर. पण आज चुलीपुढे बसलेली बाई यात कुठे आहे? जगात अजून २०० कोटींहून जास्त लोकांचा स्वयंपाक लाकूड, शेण, कोळसा असल्या धुरकट गोष्टींवर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या या धुराने २०२० साली ३२ लाख माणसं गेली. एका वर्षात. त्यांना गॅसची शेगडी दिली तर धूर आजच थांबतो. पण गॅस म्हणजे जीवाश्म इंधन, म्हणून तो 'शाश्वत' नाही!

२०२१ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत तीसहून अधिक देशांनी सही केली, की परदेशातल्या जीवाश्म इंधनाच्या प्रकल्पांना आम्ही सरकारी पैसा देणार नाही (मोजके अपवाद सोडून). 'परदेशातल्या' हा शब्द लक्षात ठेवा. सही करणाऱ्यांत जर्मनी होता. पुढच्याच वर्षी युद्धामुळे रशियाचा गॅस आटला तेव्हा याच जर्मनीने विल्हेल्म्सहाफेनला द्रवरूप गॅसचं तरंगतं टर्मिनल २००पेक्षा कमी दिवसांत उभं केलं. मी त्यांना दोष देत नाही. थंडीत लोकांना गारठू द्यायचं नव्हतं, बरोबरच केलं. पण तीच निकड दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात असली की तिला 'दीर्घकालीन कार्बन-बांधिलकी' म्हणायचं?

मी चुलीपुढे वाढलेय. आईचे डोळे कायम लाल असायचे. आम्हाला वाटायचं तिला राग येतो.

वाटसरू

शेवंती, पटलं. पण उन्हाच्या विजेवरची शेगडी हा तिसरा रस्ता आहे ना? गॅस की लाकूड अशी निवड कशाला?

शेवंती

असू दे की, मलाही हवी. ती ज्या दिवशी रोज संध्याकाळी सातला भरवशाने पेटेल त्या दिवशी गॅस सोडू. तोवर धूर कोणी खायचा ते सांगा.

तळटीप

शेवंती म्हणतायत तेच त्या व्याख्येतलं गळालेलं अर्धं. गरिबांच्या गरजांना सर्वांच्या वर प्राधान्य. १९९२च्या रिओ जाहीरनाम्यात 'जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही' हे तत्त्व आलं, सातव्या कलमात. तेव्हापासून प्रत्येक हवामान परिषदेत मारामारी त्याच्यावरच.

यातलाच एक प्रयोग सांगतो. दक्षिण अमेरिकेतल्या एक्वादोरच्या यासुनी जंगलाखाली तेल आहे. जंगल जैवविविधतेने खच्चून भरलेलं, आत बाहेरच्या जगाशी संपर्क नाकारलेल्या जमाती. देश कर्जात. २००७ला अध्यक्ष कोरेआ म्हणाले, आम्ही तेल जमिनीत ठेवतो, फायदा साऱ्या जगाचा आहे, तर आमच्या बुडणाऱ्या उत्पन्नाचा निम्मा भाग जगाने द्यावा, ३.६ अब्ज डॉलर. सहा वर्षं वाट पाहिली. हातात खरोखर पडले ते सुमारे १.३ कोटी. २०१३ला योजना गुंडाळली आणि पुढे उपसा सुरू झाला.

यासुनी वाचावं असं जगातल्या सगळ्यांना वाटत होतं, बिल आलं तेव्हा टेबलावर एकटा एक्वादोर. ऑगस्ट २०२३ला तिथल्या लोकांनीच सार्वमत घेऊन सुमारे ५९ टक्क्यांनी तिथलं तेल काढणं थांबवायला सांगितलं. म्हणजे शेवटी पदरमोड त्यांनीच पत्करली.

निमित्तमात्र

म्हणून तर म्हणतो, हे सगळं थोतांड आहे. २०१५ला संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं आणि १६९ लक्ष्यं ठरवली. १६९! ज्याला १६९ गोष्टींना प्राधान्य आहे त्याला कशालाच नाही. त्यात आठव्या उद्दिष्टात अतिगरीब देशांनी वर्षाला किमान ७ टक्के वाढावं असं आहे आणि तेराव्यात हवामान वाचवा. कुठलाही मंत्री, कुठलीही कंपनी त्यातली सोयीची चार रंगीत चौकटी उचलते आणि कोटाला बिल्ला लावते.

आणि जे खरोखर मनापासून करायला जातात त्यांचं काय होतं? श्रीलंकेने एप्रिल २०२१ला रासायनिक खतांची आयात एका हुकमाने बंद केली, सगळी शेती सेंद्रिय. नोव्हेंबरला हुकूम मागे. तोवर भाताचा हंगाम बसला होता आणि तांदूळ आयात करायची पाळी आली.

भूजल

श्रीलंकेचं उदाहरण अर्धंच देताय. डॉलर संपत आले होते, खताची आयात परवडत नव्हती, हेही त्या हुकमामागे होतं असं बरेच जण मानतात. सेंद्रिय शेतीकडे जायला जमीन, कंपोस्ट आणि शिकलेली माणसं तयार व्हायला वर्षं लागतात. त्यांनी एका हंगामात उडी मारली. त्यावरून सेंद्रिय शेतीची योग्यता ठरत नाही, उडीची ठरते.

निमित्तमात्र

बरं, उडीची. पण रिकाम्या पोटाला तो फरक कळत नाही.

हिशेबनीस

इथे एक गोष्ट राहतेय, काळाचं वजन. १०० वर्षांनी होणाऱ्या नुकसानाला आज किती मोल द्यायचं? हवामानाच्या सगळ्या हिशेबांत हा एक आकडा लपलेला असतो: पुढचं नुकसान दर वर्षामागे किती टक्क्यांनी लहान धरायचं. २००६ला अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या अहवालात तो वर्षाला सुमारे १.४ टक्के धरला होता. त्या दराने १०० वर्षांनंतरचं १०० चं नुकसान आज २५ भरतं. दर ५ टक्के धरा, तेच नुकसान आज १ सुद्धा भरत नाही. दोन्हीकडे विज्ञान तेच, तापमान तेच. एकात जोरात कृती करायला हवी असं निघतं, दुसऱ्यात थांबलं तरी चालेल असं.

दर कमी का धरायचा? नातवाचा जन्म उशिरा झाला म्हणून त्याचं दुखणं लहान होत नाही, म्हणून. जास्त का धरायचा? तो आपल्यापेक्षा श्रीमंत असणार आणि शेवंतींची चूल आज पेटलेली आहे, म्हणून. मी वीस वर्षं हे हिशेब करतोय. हा आकडा कुठल्याही कोष्टकातून निघत नाही, तो आधीच मनात धरून कोष्टक मांडतात. स्टर्नवरची मुख्य टीका हीच होती, आणि टीका करणाऱ्यांच्या आकड्यालाही ती तेवढीच लागू होती.

वाटसरू

हिशेबनीसांनी शिव्या खायची तयारी ठेवली होती, द्यायला कोणी उरलं नाही.

खडू

निमित्तमात्र यांना एक सांगायचंय. सगळंच थोतांड नाही हो. ओझोनचा करार १९८७चाच, मॉन्ट्रियलचा. फ्रिज आणि स्प्रेमधली रसायनं बंद करायची ठरली, गरीब देशांना जास्त मुदत दिली, बदलाच्या खर्चासाठी निधी काढला, आणि भोक भरून यायला लागलंय. म्हणजे प्राधान्य ठरलं, खर्च कोणाचा ते ठरलं, तर होतं. अर्थात तिथे पर्यायी रसायनं हाताशी होती आणि बनवणारे कारखाने मोजके. सगळीकडे तसं नसतं, हेही वर्गात सांगतो.

निमित्तमात्र

हे एक दिलं तुम्हाला.

कोरा कागद

दहा दिवस झाले. एवढं सगळं वाचून मी अहवालाला परत बसले तेव्हा प्रत्येक 'सस्टेनेबल'पाशी पेन्सिलीने तीन शब्द लिहीत गेले: काय? कोणाचं? कधीपर्यंत? पहिल्या २० पानांतल्या ४७ पैकी ६ जागी उत्तर वाक्यातच सापडलं. तिथे शब्दच बदलला. पॅकेजिंगला 'पुन्हा वापरता येणारं' लिहिलं, एके ठिकाणी पाण्याबद्दल 'जेवढं मुरतं तेवढंच उपसणं' असं (भूजल, हे तुमचं). नफ्याला 'टिकून राहणारा' केलं, त्याचा तसाही एवढाच अर्थ होता. अर्धविराम, 'धारणक्षम' दोनदा घातला, दोन्ही वेळा स्वतःच खोडला.

'शाश्वत खाणकाम'च्या जागी लिहिलं: 'खाण बंद झाल्यावर जमीन व पाणी पूर्ववत करण्याची तरतूद असलेले खाणकाम'. आणि बाजूला शेरा: ही तरतूद मूळ अहवालात कोणत्या पानावर आहे ते कृपया कळवावे, मला आढळली नाही.

काल उत्तर आलं. पुन्हा वापरता येणारं पॅकेजिंग आवडलं. खाणकामाला 'शाश्वत' हाच शब्द राहू द्या, मांडणी झाली आहे, एवढं लांब चौकटीत बसत नाही. शेऱ्याबद्दल अक्षर नाही.

मी चौकटीत बसेल असं 'शाश्वत' परत लिहिलं आणि बिल पाठवलं.

शेवंती

आणि शेरा?

कोरा कागद

तो खोडायला कोणी सांगितलेलं नाही. फाइलमध्ये तसाच आहे.

भूजल

पान सापडलं तर इथे आकडा टाका.